आधी चहा, मग बातमी

उलानबातर, २० सप्टेंबर २००१

गोम्बो मामा,

बरे आहात ना? जनावरं लठ्ठ आहेत ना? आईचे गुडघे काय म्हणतात? झालं विचारून. आता कामाचं बोलते.

जगभरातल्या लोकांनी मिळून संगणक चालवायची एक प्रणाली बनवलीय आणि ती चक्क फुकट वाटतात. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, आपल्या भाषेत करून घ्यावी. विकतच्या प्रणालीचे पैसे आपल्या शाळांना आणि तालुका कचेऱ्यांना सात जन्मांत परवडायचे नाहीत, म्हणून इथे ही फुकटची प्रणाली मोंगोल करायला एक समिती बसलीय. बसलीय हाच शब्द बरोबर आहे. अध्यक्ष प्राध्यापक शाग्दार. पडद्यावरच्या खिडकीला खिडकी म्हणायचं की आणखी काही, यावर त्यांनी उन्हाळाभर बैठका घेतल्या आणि शेवटी असा शब्द काढला की तो चंगीजखानाच्या आजीलाही जुनाट वाटला असता. प्रणालीचं नाव मात्र एकमतानं ठरलं: ‘चिरंतन निळं आकाश’. काम करणारा एकच, बिल्गुन नावाचा इंजिनिअर. तो कोपऱ्यात बसून दात खातो आणि टाइप करतो.

संगणक माणसाशी जे बोलतो, म्हणजे ‘हे जमलं’, ‘ते जमलं नाही’, असले सगळे निरोप अजून इंग्रजीत आहेत. रशियन भाषांतर सोबत पाठवतेय, त्यावरून तुम्ही मोंगोल करा. मी समितीला सांगून टाकलंय की माझे मामा पश्चिमेकडचे मोठे भाषापंडित आहेत. शाळेत रशियन शिकवायचे, हे सांगितलेलं नाही.

पुंत्साग ड्रायव्हरबरोबर एक जुना संगणक आणि फ्लॉप्या येताहेत. तुमच्या तालुका कचेरीत आमची पहिली चाचणी. उद्घाटन त्सागान सारला, नव्या वर्षाच्या सणात. उशीर करू नका.

तुमची तुंगा


शारूस, ११ ऑक्टोबर २००१

तुंगा, माझ्या पोरी,

आम्ही सगळे शांततेत शरद घालवतो आहोत. मेंढ्यांच्या शेपट्या चरबीनं जड झाल्यात, घोडे माजलेत. तुझी आई दुलमा नदीकाठच्या तळावर मजेत आहे आणि तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे चालतात. तुझ्या कपाळाचा वास घेऊन विचारतो, तूही शांत आहेस ना? पत्र असं लिहायचं असतं. तू हालहवाल अशी उरकलीस की मला वाटलं तार आली.

यंत्र पोचलं. वाटेत एकदा ते पुंत्सागवर पडलं, एकदा पुंत्साग त्याच्यावर. दोघांनाही फारसं लागलेलं नाही. आमच्या तालुक्याचे सर्वेसर्वा, दार्गा च्युल्तेम, यांनी त्याला पूजेच्या वस्त्राची निळी रेशमी खदग गुंडाळली, कचेरीत मानाच्या जागी ठेवलं आणि खोलीला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या कमरेला. रोज दुपारी ते मला आत घेतात आणि मी कळ दाबली की दर वेळी विचारतात, “मोडलं तर नाही ना?”

आता तुझे निरोप. मुली, हे यंत्र बनवणाऱ्यांच्या घरी कोणी वडीलधारं माणूस नव्हतं का गं? ‘मूल मेलं.’ ‘बाप सापडत नाही, मूल पोरकं झालं.’ ‘मारून टाकू का? होय, नाही.’ भल्या माणसाच्या तोंडावर असं बोलतात? मी दार्गांना हे वाचून दाखवलं, तर ते उठले, खिडकी उघडली आणि अपशकुन टळावा म्हणून बाहेर दूध शिंपडलं.

आपल्याकडे वैरी जरी गेरच्या दारात आला तरी आधी तंबूत घेतो, चहा देतो. जनावरं कशी आहेत, हिवाळा शांत जातोय ना, हे विचारतो. तो सांगतो, सगळं शांत आहे. मग चहा होतो. आणि चहा झाल्यावर तो सांगतो की माझा अर्धा कळप बुडाला. मी तसंच केलंय. काहीही बिघडलं की आधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत येईल: ‘शांत बसला आहात ना? इकडे सगळं शांत आहे.’ खाली एक बटण, त्यावर लिहिलंय: ‘चहा झाला.’ ते दाबलं की पुढे बारीक अक्षरांत काय ते कळेल.

मारण्याला मी ‘रजा देणं’ म्हटलंय. पोरकी मुलं मावशीकडे पाठवलीत.

मामा


उलानबातर, २ नोव्हेंबर २००१

मामा,

तुमच्या पत्राप्रमाणे सगळं शांत आहे हे वाचून बरं वाटलं. मीही शांत आहे. (बघा, शिकले.)

तुमचे निरोप समितीत वाचले. (यंत्रातल्या एका कामातून निघालेल्या दुसऱ्या कामाला ते लोक मूल म्हणतात, मामा. खरं कोणी मरत नाही.) पोट धरून हसले मी, पण प्राध्यापक शाग्दारांच्या डोळ्यांत पाणी आलं. “हाच तो राष्ट्राचा आत्मा!” म्हणाले. आता त्यांना प्रत्येक निरोपाआधी यंत्रानं वापरणाऱ्याच्या पाचही प्रकारच्या जनावरांची वेगवेगळी चौकशी करायला हवीय, उंटांसकट. यावर उपसमिती नेमलीय.

बिल्गुननं मात्र कपाळावर हात मारला. तो म्हणतो, माणूस पहिली ओळ वाचतो आणि उठतो. वाईट बातमी पहिल्या ओळीत नसेल तर ती नसल्यातच जमा. मला त्याचं पटतं, मामा. संगणक पाहुणा नाही, हत्यार आहे. कुऱ्हाडीचं पातं निखळलं तर तिनं आधी ख्यालीखुशाली विचारावी का? तेवढं बदला ना. ‘फ्लॉपीवर लिहिता आलं नाही’ असं सरळ म्हणा, मग हवा तेवढा चहा पाजा.

इथल्या पेपरात पश्चिमेकडे झुद पडणार असं आलंय. बर्फ पडून वितळलं, वर पुन्हा गोठलं, खुरांना फुटत नाही म्हणतात. खालचं गवत दिसतं पण जनावराच्या तोंडाला लागत नाही. पण तुमच्या पत्रात त्यातलं काहीच नाही, तेव्हा पेपरवाल्यांची नेहमीचीच हाकाटी असणार. आईला सांगा, गरम राहा.

तुंगा


शारूस, २८ नोव्हेंबर २००१

तुंगा, माझ्या पोरी,

आम्ही शांततेत हिवाळ्यात शिरलो आहोत. बर्फ आहे, पण हिवाळ्यात बर्फ असायचंच. तो शब्द पुन्हा कागदावर लिहू नकोस. काही गोष्टी नाव घेतलं की येतात.

तुझी आई नदीकाठ सोडून माझ्या शेजारी राहायला आली आहे. मला सोबत झाली. तिला आता पुष्कळ मोकळा वेळ असतो. सकाळी लवकर उठावं लागत नाही. आमच्याकडे यंदा कावळे फार गुटगुटीत झालेत, बघत राहावं असे. आणि कातडी खूप जमली आहेत, कमावून कमावून तिचे हात दुखतात. त्यातली उत्तम निवडून तिनं तुझ्यासाठी अंगभर उबदार देल शिवायला घेतला आहे. पुंत्सागबरोबर पाठवते म्हणाली.

दार्गांनी जिल्ह्याला गवताचा अर्ज केला. आता सगळे अर्ज यंत्रावर लिहून, फ्लॉपीत भरून पाठवायचे असा हुकूम आहे. मीच टाइप केला, दार्गांनी स्वतःच्या बोटानं शेवटची कळ दाबली, आणि फ्लॉपी खदगीत बांधून रवाना झाली. तशी फार निकड नाही. पण गवत दारात असलेलं बरं दिसतं.

निरोपांचं म्हणशील तर मी एक अक्षर बदलणार नाही. तुझा इंजिनिअर शहरात वाढलाय. त्याला सांग, कुऱ्हाड बोलत नाही म्हणून तिला रीत शिकवत नाहीत. जे बोलतं त्याला रीत हवीच. प्राध्यापकांना माझा नमस्कार. उंटांच्या उपसमितीत मला घेतलं तर मी नाही म्हणणार नाही.

मामा


उलानबातर, २१ डिसेंबर २००१

मामा,

देल मिळाला! काय मऊ कोकराचं कातडं आहे हो! आईच्या हाताला तोड नाही. ऑफिसात सगळ्या बायका माझ्याकडे जळून बघतात. प्राध्यापक शाग्दारांच्या बायकोनं तर माझी बाही सोडलीच नाही. एवढी कातडी पडून आहेत तर तिच्यासाठीही एक होईल का? प्राध्यापकांना खूश ठेवणं बरं, कारण बिल्गुन रोज राजीनामा लिहितो. आमच्याच प्रणालीत लिहितो आणि त्यामुळे तो जतन होत नाही, हीच काय ती समितीची कमाई.

तुम्हाला अभिमान वाटावा अशी गोष्ट सांगते. आमच्या खालच्या मजल्यावर गवतवाटपाचं ऑफिस आहे. भिंतभर नकाशा, ज्यांनी मागणी केली त्या तालुक्यावर लाल कागद टोचलेला. तुमच्या शेजारच्या तालुक्याला ट्रक निघालेसुद्धा. शारूसवर मात्र काहीच नाही. मी विचारलं तर तिथला साहेब म्हणाला, “त्यांची फ्लॉपी जिल्ह्याला आली ना. उघडली तर आत काही नाही. कोरी. मागायचं काही नाही, तरी रीतसर फ्लॉपी पाठवली. असा स्वाभिमानी तालुका पाहिला नाही.”

तुम्ही लिहिलं होतंत ना, अर्ज केला म्हणून? दार्गांनी मागाहून विचार बदलला असेल. निकड नव्हतीच म्हणा.

उद्घाटनासाठी समितीनं ट्रक ठरवलाय. खुर्च्या, भला मोठा फलक, दहा संगणक आणि प्राध्यापक, अशी सगळी वरात त्सागान सारला शारूसला येणार. आईला म्हणावं, मीही येतेय.

तुंगा


शारूस, ६ जानेवारी २००२

तुंगा,

झुद पडला आहे. तुझ्या आईचा कळप जवळजवळ संपला. उरलेल्या मेंढ्या माझ्या गेरमध्ये आमच्याबरोबर झोपतात आणि तिच्या गादीचा पेंढा खातात. तो संपला की त्याही जातील, आणि मग तुझ्या आईपाशी जगायला काही उरणार नाही. गवत पाठव. ताबडतोब पाठव.

हालहवाल विचारलेली नाही, ते मला ठाऊक आहे.

कोरी फ्लॉपी मागाहून विचार बदलून कोरी झालेली नाही. तुझं पत्र आल्यावर मी दार्गांना हाताला धरून कचेरीत नेलं आणि अर्ज पुन्हा फ्लॉपीत भरायला लावला. पडद्यावर आलं, ‘शांत बसला आहात ना? इकडे सगळं शांत आहे.’ दार्गा म्हणाले, “बघा, झालं. त्या दिवशीही हेच आलं होतं.” मी विचारलं, “खालचं बटण दाबलंत का हो त्या दिवशी?” ते बिचारे गोंधळले. म्हणाले, “त्यावर ‘चहा झाला’ असं लिहिलंय मास्तर. त्या दिवशी चहा आला नव्हता. मी खोटं कशाला दाबू?”

मी दाबलं. खाली बारीक अक्षरांत होतं: ‘एक किरकोळ गोष्ट सांगायची राहिली. आपण जे लिहिलंत ते फ्लॉपीनं आज मनावर घेतलेलं नाही.’ ही ओळ मी रचली तेव्हा स्वतःवरच फार खूश झालो होतो. आणि त्या दिवशी दार्गांच्या शेजारी मीच बसलो होतो, तुंगा. पहिली ओळ वाचून मीही उठलो.

तुझ्या देलातलं कातडं हौसेनं काढलेलं नव्हतं. ती थंडीनं गारठून मेलेली कोकरं होती. तुझी आई मला सांगत होती, पोरीला काही कळवू नकोस, तिच्या कामात मन लागणार नाही. तिनं शिवताना एकदाही वर पाहिलं नाही. आणि मी तुला कावळ्यांच्या गमती लिहीत बसलो. मला माझीच शरम वाटते.

गवत पाठव.

गोम्बो


उलानबातर, १९ जानेवारी २००२

मामा,

गवत निघालं आहे. हे पत्र पुंत्सागच्या खिशात आहे, म्हणजे तुम्ही वाचत असाल तेव्हा गवतही दारात असेल. आता बाकीचं.

तुमचं पत्र घेऊन मी खालच्या मजल्यावर धावले. साहेब म्हणाला, मागणी फ्लॉपीत लागते, पत्रात चालत नाही. मी पत्र त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. “वरचं पान कुठेय?” म्हणाला. “जिथे सगळं शांत आहे असं लिहितात ते?” मी म्हटलं, तसं पानच नाही. “हे गृहस्थ केवढे आहेत?” “सत्तरीचे.” तो म्हणाला, “माझे वडील मरणाच्या खाटेवरसुद्धा ‘सगळं शांत’ म्हणाले होते. सत्तरीचा माळावरचा माणूस पहिल्याच ओळीत झुद लिहितो म्हणजे…” उठला आणि शारूसवर लाल कागद टोचला. गवत मिळालं, पण न्यायला ट्रक एकही शिल्लक नव्हता. सगळे शेजारच्या तालुक्यात.

ट्रक होता तो आमच्या समितीचा, फलकानं आणि खुर्च्यांनी भरलेला. प्राध्यापक शाग्दार आडवे आले. “राष्ट्रीय कार्य आहे हे! खुर्च्या उतरवायच्या तर ठराव लागेल!” बिल्गुन म्हणाला, “सर, शांत बसला आहात ना?” आणि खुर्च्या खाली फेकायला लागला. कोपऱ्यातला तो माणूस एवढा मोठ्यानं बोलू शकतो हे मला माहीतच नव्हतं. ‘चिरंतन निळं आकाश’चा फलक गवतावर ताडपत्री म्हणून बांधलाय. प्राध्यापकांनी पाहिला आणि शेवटी एवढंच म्हणाले, “अक्षरं आतल्या बाजूला करू नका.”

बिल्गुन फावडं घेऊन गवतावर बसून येतोय. त्याच्याकडे निरोपांची फ्लॉपी आहे. काय बदलायचं ते मी सांगत नाही. मी कोण सांगणारी? तुम्ही कावळे लिहिलेत, मोकळा वेळ लिहिलात, कातडी लिहिलीत, आणि मी आणखी एक देल मागितला. कळपाच्या घरात जन्मलेली मी! आईला तोंड कसं दाखवू ते मला कळत नाही.

तुंगा


शारूस, १६ फेब्रुवारी २००२

तुंगा, माझ्या पोरी,

वाईट बातमी आधी. ट्रक खिंडीत अडकला आणि गवत यायला उशीर झाला. तेवढ्यात आणखी मेंढ्या गेल्या, आणि तुझ्या आईची ती लाल घोडीही गेली. पूर्वी तिचा कळप मोजायला दोन माणसं लागायची. आता ती एकेकीला नावानं हाक मारते.

पण ज्या उरल्या त्या जगल्या. खातात, उभ्या राहतात, दोघी-तिघी गाभण आहेत. त्यातून कळप पुन्हा उभा राहायला वर्षं लागतील, पण राहील. तुझा इंजिनिअर खिंडीत रात्रंदिवस बर्फ उपसत होता म्हणे. इथे आल्यावर त्यानं पहिलं काम कुठलं केलं असेल, तर चहा मागितला.

आता त्सागान सारची गोष्ट ऐक, कारण तू आली नाहीस. तोंड कसं दाखवू म्हणून आली नाहीस, हे तुझी आई ओळखून आहे.

पहिल्या दिवशी सगळा तालुका माझ्या गेरमध्ये. मटण भरलेले बूझ वाफाळताहेत, तपकिरीच्या कुप्या हातोहाती फिरताहेत. दार्गा च्युल्तेम नवा देल घालून आले, रीतीप्रमाणे तुझ्या आईच्या हाताखाली हात धरले आणि विचारलं, “हिवाळा शांत जातोय ना?” वर्षातला हा एक दिवस असा, की घर जळालं असलं तरी ‘शांत’ म्हणायचं.

तुझी आई दुलमा म्हणाली, “नाही.”

गेरमध्ये कोणी बूझ चावेना. दार्गांचे हात तसेच हवेत. मग दारापाशी बसलेला म्हातारा, सहा पोरांचा बाप, हळूच म्हणाला, “माझाही नाही.” आणि मग धरणच फुटलं, तुंगा. प्रत्येक जण बोलायला लागला. इतके दिवस शेजारी शेजारी बसून आम्ही एकमेकांना ‘शांत’ सांगत होतो आणि आपापल्या गेरमागे मेलेल्या जनावरांचे ढीग लपवत होतो. कोणाला किती गवत हवं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दार्गा रडले. मग उठून म्हणाले, “सण राहू द्या, चला कचेरीत.”

सगळे गेलो. कुलूप निघालं, खदग सुटली. मी मजकूर सांगतोय, दार्गा स्वतः टाइप करताहेत, अख्खा तालुका त्यांच्या खांद्यावरून डोकावतोय. त्यांनी शेवटची कळ दाबली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: ‘लिहिलं गेलं नाही. फ्लॉपी खराब आहे.’

निरोप मी आदल्याच आठवड्यात बदलले होते, सगळे.

दार्गांचा चेहरा पडला. “सणाच्या दिवशी हे असलं बोलणं?” म्हणाले, आणि सवयीनं उठायला लागले. तुझ्या आईनं त्यांना खांद्याला धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. बिल्गुनच्या हातातली नवी फ्लॉपी काढून पुढे केली.

“दुसरी घाला,” म्हणाली. “मी चहा ठेवते.”

अर्ज गेला. या वेळी भरलेला.

खाली बटण अजून आहे, फक्त आता त्यावर लिहिलंय: ‘कळलं.’ प्राध्यापकांना सांग, राष्ट्राचा आत्मा बिघडलेला नाही, त्याला नुसतं वळण लावलंय.

तुझी आई माझ्या शेजारी बसून हे ऐकते आहे. ती म्हणते, देल अंगात घाल, पेटीत कोंडू नकोस. त्या कोकरांची ऊब वाया जाऊ द्यायची नाही. आणि ये. तोंड काय दाखवायचं, ते तिनंच तर जन्माला घातलंय.

ती शांत आहे. हे मी रीत म्हणून लिहीत नाही, दोनदा विचारून लिहितो आहे.

मामा